मार्सेलिसला जहाज एकच दिवस थांबणार आहे – खाजगी गाईड घ्यावा का? (सोबत ७६ वर्षांचे बाबा)

शिंपला

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे भूमध्य समुद्रातल्या क्रूझला निघालोय. मी, नवरा, १३ वर्षांचा मुलगा आणि माझे बाबा. बार्सिलोनाला चढायचं, तिथेच उतरायचं. मधल्या इतर बंदरांची काळजी नाही, जवळपास फिरून येऊ. अडलंय ते मार्सेलिसपाशी. तिथे जहाज सकाळी ८ ला लागतं, संध्याकाळी ६ ला सुटतं आणि साडेपाचच्या आत सगळ्यांनी परत चढलेलं असलं पाहिजे, असं कागदावर लिहिलंय.

बाबा ७६ वर्षांचे आहेत. दोन्ही गुडघे दुखतात, डाव्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर वीस-पंचवीस मिनिटं आरामात चालतात, पण जिना किंवा उतार आला की चेहरा उतरतो. तक्रार मात्र करत नाहीत, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. क्रूझचा कार्यक्रम हातात आल्यावर त्यांनी चष्मा लावला, सगळ्या यादीवरून बोट फिरवलं आणि मार्सेलिसपाशी थांबवलं. ८ जुलै १९१०, मोरिया बोट, सावरकरांची त्रिखंडात गाजलेली उडी, पुढे हेगच्या न्यायालयातला खटला, हे सगळं त्यांना तारीखवार पाठ आहे. आयुष्यात त्यांनी आमच्याकडे कधी काही मागितलं नाही. परवा जेवताना हळूच म्हणाले, "तो धक्का लांबून का होईना, बघायला मिळेल का गं?" तेव्हापासून मी हाच विचार करतेय.

जहाजाच्या सहलींची यादी पाहिली. ४०-४५ माणसांची बस, बंदर, टेकडीवरचं चर्च, खरेदीला एक तास. बाबांच्या प्रश्नाला तिथे जागा नाही. एका खाजगी गाईडशी ईमेलवर बोलणं झालंय. आठ तास, सात माणसांची गाडी, ७२० युरो. त्यांनी पाठवलेला बेत असा: जुनं बंदर, ल पानिए ही जुनी वस्ती, टेकडीवरचं नोत्र दाम चर्च, मग कासी गाव, तिथून बोटीने कालांक नावाच्या खाड्या, कड्यावरचा रस्ता आणि परतताना एक्स-आँ-प्रोव्हाँस. वाचूनच मला दम लागला. नवरा म्हणतो, एवढे पैसे कशाला, बंदरावर टॅक्सी करू. मुलाला फक्त बोटीत बसायचंय.

तुमच्यापैकी कोणी असा दिवस घालवलाय का? पैसे वसूल होतात का? गाईडला आधी काय काय विचारून ठेवायचं? उशीर झाला तर जहाज थांबतं का? आणि बाबांना दाखवण्यासारखं तिथे नेमकं काय आहे? जमेल तेवढं सविस्तर लिहा, प्लीज.

एकलाभटक्या

मी दोन वर्षांपूर्वी हाच भाग गाईडशिवाय केला. सें शार्ल स्टेशनवरून कासीची लोकल पकडली, अर्ध्या तासाच्या आत पोचलो. पण एक गोष्ट आधी कोणी सांगितली नव्हती. कासीचं स्टेशन गावात नाही, गावापासून तीन किलोमीटरवर माथ्यावर आहे. खाली जायला बस असते, पण ती आणि गाडी यांची वेळ जुळेलच असं नाही. मी उतारावरून चालत गेलो, परतताना तोच चढ उन्हात चढलो. एकट्या माणसाला हे ठीक आहे, मजाही आली.

तुमच्या बाबतीत मात्र मी ट्रेनचं नाव काढणार नाही. क्रूझचा धक्का शहराच्या उत्तर टोकाला आहे, जुन्या बंदरापासून आठ-नऊ किलोमीटर. म्हणजे आधी शटल, मग मेट्रो, मग ट्रेन, मग बस, आणि तेवढंच सगळं उलट. त्यात दिवसाचे तीन-साडेतीन तास जातील, आणि ते सगळे बाबांच्या गुडघ्यांवर. टॅक्सी शहरात चालेल, पण कासीला नेऊन दोन तास थांबवून ठेवायची तर मीटरचा आकडा गाईडच्या जवळपास जातो आणि सोबत सांगणारं कोणी नसतं.

गलबत

शिंपला, तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यात राहिली. मी नऊ वर्षं इथे, मार्सेयमध्ये राहते (आपल्याकडे मार्सेलिस म्हणतात, इथे कोणाला कळत नाही, गाईडशी बोलताना लक्षात ठेवा). माझे आईवडील दोनदा येऊन गेले, दोघांचेही गुडघे तुमच्या बाबांसारखेच. त्यामुळे हे शहर मी त्यांच्या पावलांनी मोजलंय. मोठं लिहिते, सांभाळून घ्या.

गाईड घ्या. पण त्यांनी पाठवलेला बेत घेऊ नका. त्या यादीत सात ठिकाणं आहेत आणि तुमच्याकडे खरे तास सातच आहेत. एक्स गाळा. ते देखणं गाव आहे, पण आतल्या बाजूला आहे आणि तुम्ही समुद्रासाठी येताय. पानिएही गाळा, सगळी वस्ती उंचसखल दगडी गल्ल्यांची आणि पायऱ्यांची आहे. खाजगी गाईडला पैसे देतो ते जास्त ठिकाणं बघायला नाही. आपल्या माणसाला जे बघायचंय तिथे गाडी थेट उभी राहावी, आणि तो थकला तर पुढचं ठिकाण तिथल्या तिथे रद्द करता यावं, यासाठी देतो. बसच्या सहलीत हे दोन्ही होत नाही.

आता बाबांचं. माझ्या मते दिवसाची सुरुवातच तिथून करा. १९१० मधल्या गोद्या जुन्या बंदरात नव्हत्या. त्या जोलिएत या भागापासून उत्तरेकडे पसरलेल्या होत्या, आणि आजही तो सगळा पट्टा बंदराचाच आहे. आत पायी फिरायला परवानगी नसते, म्हणून मी माझ्या वडिलांना ला माजोर कॅथेड्रलच्या पुढच्या मोकळ्या चौथऱ्यावर नेलं होतं. गाडी जवळ येते, जागा सपाट आहे, बसायला कट्टे आहेत. समोर जोलिएतचं पाणी, कॉर्सिका आणि अल्जीरियाला जाणाऱ्या मोठ्या फेरीबोटी, त्यापलीकडे लाटा अडवणारा लांबच लांब बांध. सकाळी ऊन पाठीमागून येतं, त्यामुळे बंदर स्वच्छ दिसतं. दुपारनंतर डोळ्यांवर येतं.

उडीची खूण म्हणून मला तिथे काही दिसलं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे बाबांचा विरस होणार नाही. पण मी वडिलांना दुसरं काही दाखवलं. ज्या कॅथेड्रलसमोर आपण उभे असतो त्याचं काम १८९३ मध्ये पूर्ण झालं. तिकडे टेकडीवर नोत्र दामच्या शिखरावरची सोनेरी मूर्ती १८७० पासून उभी आहे. म्हणजे त्या सकाळी शौचकूपाच्या खिडकीतून पाण्यात पडलेल्या माणसाने मान वर केली असती तर हेच घुमट आणि हीच मूर्ती आभाळात असणार. वडील बराच वेळ त्या मूर्तीकडे बघत होते. मीही त्या दिवशी ती पहिल्यांदा नीट पाहिली.

पुढचं ठिकाण तुम्ही विचारलं नाहीत, पण बाबांना नक्की दाखवा. शहराच्या दक्षिणेला माझार्ग म्हणून भाग आहे, कासीच्या रस्त्यावरच. तिथे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं स्मशान आहे. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी फौजा याच बंदरात उतरल्या. पार्क बोरेली या समुद्राकाठच्या बागेत त्यांच्या राहुट्या पडल्या होत्या. पुढची चार वर्षं हे बंदर त्यांच्या ये-जा करण्याचं ठाणं होतं. ज्यांचे अंत्यसंस्कार अग्नी देऊन झाले अशा दोनशेहून अधिक हिंदी सैनिकांच्या नावांचं स्मारक तिथे आहे, १९२५ मध्ये त्याचं अनावरण झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताचे पंतप्रधान मार्सेयला आले तेव्हा तिथे गेले होते. एरवी शुकशुकाट असतो. जमीन सपाट, हिरवळ राखलेली, अर्धा तास पुरे.

तिथून कासीला महामार्गाने नका जाऊ, जिनेस्तच्या घाटाने जा. तीनशे-सव्वातीनशे मीटर उंचीवरून रस्ता जातो, दोन्हीकडे पांढरा उघडा चुनखडक आणि मधूनच खाली समुद्र. वीस मिनिटं गाडीत बसूनच सगळं दिसतं, गुडघ्याला काम नाही.

कासीत पार्किंग हा मोठा त्रास आहे. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना बऱ्याचदा वर गोर्गेतच्या वाहनतळावर गाडी लावून शटलने खाली यावं लागतं. तुमचा चालक तुम्हाला धक्क्याजवळ उतरवून गाडी दुसरीकडे नेऊन लावू शकतो. ७२० मधले निदान शंभर युरो याच सोयीचे समजा. बोटीची तिकिटं धक्क्यावरच्या खोपटातून मिळतात. तीन कालांकांची फेरी घ्या – पोर मियू, पोर पाँ आणि आँ व्हो. पाऊण तासाची असते. पाच, आठ, नऊ कालांकांच्या लांब फेऱ्या असतात, त्या नकोत. उघड्या समुद्रात बोट हलते आणि वेळही जातो. कालांक म्हणजे काय, तर चुनखडकाच्या कड्यांमध्ये घुसलेली अरुंद खाडी. आँ व्होला पाण्याचा रंग बघाल तेव्हा तुमचा मुलगा फोन खाली ठेवेल.

वेळ उरला तर कड्यावरचा रस्ता, रूत द क्रेत. कासी आणि ला सिओता यांना जोडणारा. सर्वात उंच ठिकाणी कडा समुद्रापासून ३९४ मीटर आहे. गंमत अशी की कालांकांचा दगड पांढरा आणि इथला तांबूस, दोन्ही एकमेकांसमोर. गाडीतून उतरून चार पावलांवर सगळं दिसतं. कठडे सगळीकडे नाहीत, मुलाचा हात धरा.

जहाजाबद्दल: जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर ते थांबतं, खाजगी गाईडबरोबर असाल तर थांबण्याला बांधलेलं नाही. म्हणून लांबचं आधी आणि जवळचं शेवटी हा नियम ठेवा. अडीचला कासी सोडा. चारनंतर शहरात शिरणारा रस्ता तुंबतो. जोलिएत मी पहिलं ठेवायला सांगितलं कारण ते जहाजाच्या वाटेवरच आहे आणि बाबा सकाळी ताजेतवाने असतील. संध्याकाळसाठी ते राखून ठेवलं आणि कुठे गाडी अडकली तर सगळ्यात आधी तेच गळेल. तसं होऊ देऊ नका.

पायवाट

गलबत यांनी बेत सांगितलाच आहे, मी फक्त माणूस निवडण्याबद्दल लिहितो. याच किनाऱ्यावर आम्ही एकदा पोळलोय. खाजगी गाईड म्हणून जो आला तो नुसता चालक होता. गाडी उत्तम, माणूस सभ्य, पण प्रत्येक ठिकाणी "दीड तासाने इथेच या" म्हणून उतरवायचा. संग्रहालयाच्या दारात तर म्हणाला, मला आत बोलायची परवानगी नाही. आणि दुपारी आम्हाला न विचारता एका साबणाच्या दुकानात नेऊन पाऊण तास घालवला. आईला मार्सेयचा साबण आवडला हे खरं, पण तो पाऊण तास आमचा होता.

तेव्हा कळलं ते असं. फ्रान्समध्ये संग्रहालयं आणि ऐतिहासिक वास्तूंमध्ये मार्गदर्शन करायला 'गीद काँफेराँसिए' हे सरकारी ओळखपत्र लागतं. माणसं नेणाऱ्या खाजगी गाडीच्या चालकाचा परवाना वेगळा असतो, त्याला व्हीटीसी म्हणतात, आणि गाडीच्या काचेवर त्याचं लाल स्टिकर असतं. काहींकडे दोन्ही असतं, काही ठिकाणी चालक वेगळा आणि गाईड वेगळा. दोन्ही चालतं, पण आपण कशाचे पैसे देतोय हे आधी माहीत हवं. तर ईमेलमध्ये सरळ विचारा: तुमच्याकडे कोणतं ओळखपत्र आहे, गाडी तुम्हीच चालवणार का, बोटीची तिकिटं आणि पार्किंग ७२० मध्ये धरलंय का, वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर काय, जहाजच बंदरात आलं नाही तर पैसे परत मिळतात का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. वारा फार असला की जहाजं बंदर टाळून पुढे निघून जातात.

आणि बाबांच्या गुडघ्यांबद्दल मोघम लिहू नका. "ज्येष्ठ नागरिक सोबत आहेत" याचा काही अर्थ होत नाही. किती मिनिटं चालतात, किती पायऱ्या चढतात, गाडीचं पायदान किती उंच चालेल, हे आकड्यांत कळवा. चांगला गाईड असेल तर त्यावर तो उलट प्रश्न विचारेल. नुसतं "नो प्रॉब्लेम" असं उत्तर आलं तर दुसरा शोधा.

शिंपला

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. पायवाट यांनी सांगितलं तसं आकड्यांत लिहून पाठवलं. त्या बाईंचं उत्तर आलं: बाबांना काठी लागते का, गाडीत पुढे बसलेलं आवडेल का, आणि दर किती वेळाने स्वच्छतागृह लागतं. वाचून जीव भांड्यात पडला. दोन्ही परवाने त्यांच्याकडे आहेत.

दोनच प्रश्न उरलेत. वारा वारा म्हणताय तो एवढा असतो का? आणि बाबा पक्के शाकाहारी आहेत, कासीत काय खातील?

गलबत

मिस्त्राल म्हणतात त्या वाऱ्याला. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येतो, आभाळ लख्ख निळं आणि वारा असा की टोपी हातात धरून चालावं लागतं. ऊन बघून फसू नका. त्या दिवशी बोटी बंद राहतात आणि कड्यावरचा रस्ताही बंद करतात. बाबांना कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट हवंच. उन्हाळ्यात, १ जून ते ३० सप्टेंबर, वणव्याच्या धोक्यामुळे कालांकांच्या पायवाटाही काही दिवस बंद असतात, पण तुम्ही ऑक्टोबरमध्ये येताय, तो प्रश्न नाही.

शाकाहारासाठी पानिस मागा. बेसनाच्या घट्ट शिजवलेल्या पिठाच्या चकत्या तळलेल्या असतात, बाबांना पहिल्या घासातच ओळखीच्या वाटतील. भाज्यांचं पिस्तू सूप, रातातुई चालेल. पण पावाबरोबर काळ्या ऑलिव्हची चटणी येते, तापनाद, तिला हात लावू देऊ नका. त्यात अँकोव्ही नावाचे मासे वाटलेले असतात आणि दिसत नाहीत. सुपातही मटणाचं किंवा माशाचं पाणी नाही ना, हे गाईडला विचारायला सांगा.

शिंपला

परत येऊन आठ दिवस झाले. लिहीन म्हटलं होतं, म्हणून लिहितेय.

व्हायचं तेच झालं, मिस्त्राल होता. जहाज लागलं वेळेवर, पण डेकवर उभं राहवत नव्हतं. साडेसहालाच गाईडताईंचा मेसेज आला: कासीच्या बोटी आज सुटणार नाहीत, वरचा रस्ता बंद आहे, मी बेत बदलतेय, घाई करू नका, गरम कपडे घाला. गाडी नेमकी कुठे उभी असेल त्याचा फोटोही पाठवला होता. पायदानावर ठेवायला त्यांनी एक छोटं लाकडी स्टूल आणलं होतं. बाबांनी त्यावर पाय ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

ला माजोरच्या चौथऱ्यावर पाऊण तास होतो. गलबत, तुम्ही लिहिलेलं घुमटाचं आणि मूर्तीचं मी बाबांना आधी सांगितलं नव्हतं. तिथेच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, काठी दुसऱ्या हातात घेतली आणि टेकडीच्या दिशेने वळून उभे राहिले. मग नातवाला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. पोलिसाने कसं धरलं, सावरकरांनी पळता पळता कसं फ्रेंच भूमीवर आहोत म्हणून आश्रय मागितला, काही मिनिटांत कसं परत बोटीवर नेलं, आणि हेगच्या न्यायालयाने २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल कसा विरुद्ध दिला. मी नवऱ्याच्या मदतीने गाईडताईंना इंग्रजीत सांगत होते. जाँ लाँगे या फ्रेंच समाजवाद्याने समाजवादी नेते जॉरेस यांच्या 'ल्युमानिते' या वृत्तपत्रातून आवाज उठवला होता हे बाबा म्हणाले, तेव्हा त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, जॉरेस यांच्या नावाचा चौक आमच्या शहरात आहे, मी रोज तिथून जाते, आणि हे मला माहीत नव्हतं. दोन वेळा तारीख विचारून त्यांनी लिहून घेतली.

बाबांनी त्यांना एकच प्रश्न विचारला. जुलैमध्ये हे पाणी किती गार असतं? मला वाटलं उन्हाळ्यात कोमटच असणार. त्या म्हणाल्या, मिस्त्राल सुटला की तो वरचं तापलेलं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो आणि खालचं थंड पाणी वर येतं, भर जुलैतसुद्धा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतं. बाबांनी कठड्यावरचा हात खिशात घातला. "म्हणजे गारसुद्धा असू शकेल," एवढंच म्हणाले.

कासीला गेलो, पण बोटीविना. मुलाचा चेहरा पडला होता. ताईंनी गाडी पोर मियूच्या काठापर्यंत नेली. ही खाडी इतकी लांब आणि चिंचोळी आहे की बाहेर समुद्र उसळत असताना आत शेकडो होड्या नुसत्या डोलत होत्या, डोलकाठ्यांना दोऱ्या आपटल्याचा टकटक आवाज सगळीकडून. जुन्या दगडखाणीच्या कापलेल्या पायऱ्या पाण्यापर्यंत उतरलेल्या. नवरा आणि मुलगा पायवाटेने पुढे जाऊन आले, बाबा गाडीजवळच्या दगडावर बसून राहिले. पानिस खरंच आवडले त्यांना, दोन बशा झाल्या.

परतताना वेळ हातात होता म्हणून समुद्राकाठच्या कॉर्निश या रस्त्यावरून आलो. तिथे पुलाच्या कमानींखाली व्हालों देझ ऑफ नावाचं चिमुकलं बंदर आहे. खाली जायला पायऱ्या होत्या, आम्ही वरूनच पाहिलं. रंगीत लाकडी होड्या, जाळी, काठाला घरं. चार वाजता जहाजापाशी होतो. नोत्र दाम राहिलं. पैशांचं विचाराल तर ७२० मध्ये पार्किंग धरलेलं होतं, जेवण आमचं आम्ही, आणि बोटीची तिकिटं काढलीच नाहीत. नवऱ्याने पुन्हा टॅक्सीचं नाव काढलं नाही.

माझार्गबद्दल शेवटी लिहितेय, दिवसात ते दुसरं होतं. आम्ही सोडून कोणी नव्हतं. झाडांमुळे वारा अडलेला. शिळांच्या रांगांमधून बाबा एकटेच पुढे गेले, आणि आम्ही मागून जाईपर्यंत एका शिळेसमोर वाकून उभे होते. वर इंग्रजीत नाव, पलटण, तारीख, आणि त्यासोबत देवनागरीत कोरलेलं, 'ॐ भगवते नमः'. अक्षरांच्या खाचांत शेवाळ धरलं होतं, तरी वाचता येत होतं. बाबांनी ते मोठ्याने वाचलं. गाईडताई म्हणाल्या, मी वर्षानुवर्षं इथे लोकांना आणते, पण हे काय लिहिलंय ते वाचणारं माझ्याबरोबर कधी कोणी नव्हतं. मग वही काढून त्यांनी बाबांना पुन्हा म्हणायला लावलं. बाबा एकेक अक्षरावर थांबून म्हणत होते, त्या फ्रेंच अक्षरांत लिहीत होत्या. 'ते' जमत नव्हतं, ते चारदा म्हणून घेतलं.